इंजिन सुरू, पण गाडी जागची हलेना! घाटात स्कूटरचा बेल्ट तुटला तर काय कराल?

सातारा/सांगली : स्कूटरचं इंजिन सुरू आहे, रेस दिली की आवाजही वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. टाकीत पेट्रोल आहे, टायर ठीक आहेत, ब्रेकही अडकलेला नाही. अशा वेळी बहुतेकदा दोष डाव्या बाजूच्या कव्हरच्या आत असतो. तिथे फिरणारा रबरी ड्राइव्ह बेल्ट तुटलेला असतो.

शहरात असं झालं तर गाडी ढकलत गॅरेज गाठता येतं. पण कासला जाताना यवतेश्वर घाटात, पाचगणीच्या वाटेवर पसरणी घाटात किंवा पुण्याहून येताना खंबाटकीत झालं, तर प्रश्न फक्त खोळंब्याचा राहत नाही. मागे उतार, बाजूला दरी आणि वळणावर येणारी वाहनं अशी स्थिती असते.

बेल्ट कोणत्या गाडीला असतो?

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना चेन असते. ती सैल झाली की आवाज करते, डोळ्यांनाही दिसते. हार्ले डेव्हिडसनसारख्या काही महागड्या बाइकना दातेरी बेल्ट असतो. आपल्या रस्त्यांवर बेल्टच्या सर्वाधिक गाड्या म्हणजे बिनगिअरच्या स्कूटर.

साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार झालेल्या 'प्रिया'ला हातातले गिअर होते, असा बेल्ट नव्हता. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि बिनगिअरची स्कूटर लोकांना माहीत झाली. २००१ मध्ये अॅक्टिव्हा आल्यानंतर ती घरोघरी पोहोचली. गिअर टाकण्याची कटकट गेली, ती या बेल्टमुळेच.

आत नेमकं काय चालतं?

कव्हरच्या आत दोन पुली असतात. एक पुढे इंजिनला जोडलेली, दुसरी मागे क्लचसोबत. दोन्हींच्या मध्ये इंग्रजी 'व्ही' आकाराचा बेल्ट असतो. इंजिनचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. त्याच वेळी मागची पुली उघडते आणि तिथे बेल्ट खाली जातो. गिअर बदलल्यासारखाच परिणाम होतो, पण झटका न बसता.

या सगळ्यात ताकद पोहोचते ती बेल्टच्या कडा आणि पुली यांच्या घर्षणातून. म्हणून बेल्टची रुंदी महत्त्वाची. नवा बेल्ट जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असतो. कडा झिजून तो थोडा जरी अरुंद झाला, तरी पकड आणि वेग दोन्ही कमी होतात.

घाटात धोका जास्त का?

चढावर गाडीला जोर लागतो. तेव्हा बेल्ट पुढच्या पुलीत अगदी खाली, लहान वर्तुळात फिरतो. तिथे तो जास्त वाकतो, त्याच्यावर ताणही जास्त येतो. बेल्ट थोडा जरी घसरला तरी उष्णता तयार होते आणि रबर कडक पडून त्याला भेगा जातात. मागे एक माणूस, डिकीत सामान, पायाशी पिशवी असेल तर भार आणखी वाढतो.

चढावर वाहनं अडली असताना ब्रेक न लावता नुसती रेस धरून गाडी थोपवणं ही अनेकांची सवय असते. त्यात क्लच घासत राहतो. त्याची उष्णता त्याच बंद कव्हरमध्ये साठते आणि बेल्टचं आयुष्य कमी करते. थांबायचं असेल तर रेस सोडून ब्रेक धरणं केव्हाही चांगलं.

सांगलीत पाणी आणि चिखल

सांगलीत घाटापेक्षा पाण्याचा त्रास मोठा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा पाण्यात बुडालेल्या स्कूटरच्या बेल्ट कव्हरमध्ये पाण्यासोबत गाळही शिरतो.

ओला बेल्ट पुलीवर घसरतो. पाणी सुकतं, पण मागे राहिलेला गाळ सँडपेपरसारखा बेल्टच्या कडा घासतो. म्हणून पाण्यात बुडालेली गाडी 'सुरू होते का बघू' म्हणून बटण दाबू नये. पाणी इंजिनमध्येही गेलेलं असू शकतं. आधी मेकॅनिककडून इंजिन तपासून, कव्हर उघडून पुली, क्लच आणि बेल्ट स्वच्छ, कोरडे करून घ्यावेत. पुराचं नुकसान केवळ थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही, त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण लागतं. नेहमीच्या वापराने झिजलेला बेल्ट मात्र विम्यात धरला जात नाही.

आधी कळतं का?

बहुतेकदा कळतं. ही लक्षणं दिसली तर कव्हर उघडून बघायला सांगा :

- जागेवरून निघताना गाडी थरथरते.
- रेस वाढते, पण त्या मानाने वेग वाढत नाही.
- नेहमीच्या चढावर गाडी दमते, कमाल वेग कमी झालेला जाणवतो.
- डाव्या बाजूने किंचाळल्यासारखा किंवा फटफट आवाज येतो.
- चढ संपल्यावर जळक्या रबराचा वास येतो.

अनेक ११० ते १२५ सीसी स्कूटरचा बेल्ट साधारण २० ते २५ हजार किलोमीटरला बदलायला सांगितलेला असतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा. रोज घाट किंवा ओझं असेल तर त्याच्या बरंच आधी तपासणी करावी.

तुटलाच तर काय करायचं?

१. रेस लगेच सोडा. तुटलेल्या बेल्टचे तुकडे आत फिरत असतात. ते अडकले तर मागचं चाक जखडू शकतं.

२. दोन्ही ब्रेक हळूहळू लावून गाडी डाव्या कडेला घ्या. बेल्ट तुटला तरी ब्रेक काम करतात. वळणावर थांबू नका.

३. इंजिन बंद करा. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून उपयोग नाही.

४. चाक मोकळं फिरत असेल तरच गाडी ढकला. अडकत असेल तर ओढू नका, टेम्पो बोलवा.

५. उतार आहे म्हणून पूर्ण घाट तशीच गाडी सोडून उतरू नका. इंजिनचा रोध राहिलेला नसतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते.

६. दुसऱ्या गाडीवरच्या मित्राने पाय लावून ढकलत नेणं घाटात टाळा. एका खड्ड्यात दोघेही पडू शकतात.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. यवतेश्वर किंवा ठोसेघरसारख्या रस्त्यांवर अडचण गंभीर असेल तर ११२ आहेच.

दोरी किंवा ओढणी बांधून बेल्टचं काम भागत नाही. पुलीचा नट सोडवायला पुली धरून ठेवणारं हत्यारही लागतं. त्यामुळे रस्त्यात स्वतः खोलण्यापेक्षा मेकॅनिक बरा. मात्र लांब जाताना आपल्या मॉडेलचा नवा बेल्ट डिकीत ठेवणं शहाणपणाचं. गावात मेकॅनिक मिळतो, नेमका तोच बेल्ट मिळेलच असं नाही.

नवा बेल्ट टाकताना

पार्ट नंबर जुळवून आणि बिल घेऊनच बेल्ट घ्या. 'हा पण बसतो' यावर विश्वास ठेवू नका. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने हवा. रोलर झिजून चपटे झाले आहेत का आणि ऑइल सील गळतंय का, हेही त्याच वेळी बघून घ्या. तेलकट पुलीवर नवा बेल्टही घसरतो. जुन्या बेल्टचे सगळे तुकडे बाहेर निघाले ना, हे समोर उभं राहून पाहा.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

इथे प्रत्येक कंपनीचा मार्ग वेगळा. एथर ४५० आणि रिव्होल्ट आरव्ही ४०० ला दातेरी बेल्ट आहे. चेतकमध्ये गिअर आहेत, टीव्हीएस आयक्यूबची मोटर चाकातच आहे. ओलाने २०२५ च्या तिसऱ्या पिढीच्या स्कूटरमध्ये चेन घेतली.

दातेरी बेल्टला तेल किंवा ग्रीस लावायचं नसतं. दातांत अडकलेला खडा त्याला भोक पाडू शकतो, म्हणून खडीच्या रस्त्यानंतर एक नजर टाकावी. तुटलेला दात, कडेला सुटलेले धागे किंवा कटकट आवाज दिसला की बेल्ट तपासून घ्यावा. हा बेल्ट तुटला तर मोटर चाकापासून वेगळी होते. मग रेस सोडल्यावर गाडी आपोआप मंदावणारं रिजनरेटिव्ह ब्रेकिंगही मिळत नाही. उतारावर त्याचीच सवय झालेल्या चालकाने हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

साध्या स्कूटरचा बेल्ट काही शे रुपयांत येतो. पावसाळ्यात कासची फुलं पाहायला निघण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि पेट्रोल बघतो, तसंच 'बेल्ट शेवटचा कधी बदलला?' हेही मेकॅनिकला विचारा. त्याला आठवत नसेल आणि तुमच्याकडे बिलही नसेल, तर कव्हर उघडून बघायची वेळ आली आहे.