एमबीएचे विषय, कापसाचा हिशेब

यवतमाळकडच्या घरांत पदवीनंतर एमबीएचा विषय निघाला की पहिला प्रश्न फीचा आणि दुसरा नोकरीचा. त्या दोन वर्षांत शिकवतात तरी काय, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

हिशेबशास्त्र, वित्त, विपणन, उत्पादन, मनुष्यबळ हे त्यातले मूळ विषय. नावे भारदस्त, आशय ओळखीचा. कापूसच घ्या. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो. बाकी बहुतेक सरकी. म्हणून कापसाचा भाव सरकीवरही ठरतो. हे झाले उत्पादन. वेचणीला मजूर टिकवणे, हे मनुष्यबळ. कापूस दिवाळीपूर्वी विकावा की भाव चढेपर्यंत घरात ठेवावा, हा वित्ताचा पेच. कारण तोवर कर्जाचे व्याज थांबत नाही. १९७२ मध्ये राज्याची एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा विक्रीचा निर्णय सरकारकडे गेला. ती गेल्यावर तो पुन्हा शेतकऱ्याच्या गळ्यात आला. हेच विपणन.

सर्वांत जिव्हाळ्याचा विषय उत्पादनखर्चाचा. बियाणे, खत, फवारणी वहीत चढते. घरच्यांची मजुरी चढत नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग ती मोजतो. शिवाय स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरून दुसरा, मोठा आकडाही काढतो. हमीभावाचा बराचसा वाद या दोन आकड्यांमधल्या अंतराचाच आहे.

नोकरीचे बाजार ठरवील. पण आईने वेचलेल्या कापसात आईची मजुरी किती, हे लेकीला किंवा लेकाला मांडता आले, तर शिक्षण घरी पोचले म्हणायचे.