नॉर्विचची चित्रकार मंडळी

जॉन क्रोम हा नॉर्विच शहरातल्या एका विणकराचा मुलगा. जन्म १७६८ चा. प्रथम एका डॉक्टरकडे पोऱ्या, मग १७८३ पासून सात वर्षे घोडागाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी. शाळा म्हणाल तर एवढीच. पुढे थॉमस हार्वे नावाच्या रसिकाच्या संग्रहातील हॉबेमा, गेन्सबरो यांची चित्रे पाहून तो शिकला.

त्या काळी चित्रकाराला मान मिळायचा तो लंडनच्या रॉयल अकॅडमीत. नॉर्विच पडले लोकरी कापडाचे गाव. तेव्हा १८०३ साली क्रोम, त्याचा साडू रॉबर्ट लॅडब्रुक आदींनी तेथेच आपले मंडळ काढले. पंधरवड्याला जमावे, एकाने निबंध वाचावा, इतरांनी वाद घालावा, हा शिरस्ता. (आपल्या श्रोत्यांवर असा प्रसंग आणला तर किती खुर्च्या भरतील कोण जाणे!) १८०५ पासून वार्षिक प्रदर्शन सुरू झाले. क्रोमचे पोट मात्र चित्रांपेक्षा शिकवण्यांवरच चाले.

१८१६ मध्ये नियमांवरून बिनसले. लॅडब्रुक फुटून निघाला आणि तीन वर्षे गावात दोन प्रदर्शने भरली. ज्याने संघटना चालविली आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

क्रोमचे 'माउसहोल्ड हीथ' हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. काळ १८१८ ते १८२० च्या सुमाराचा. हे माळरान नॉर्विचच्या उशाशी. जमीनदारांनी गायराने कुंपणात घातली म्हणून १५४९ साली रॉबर्ट केटच्या मागे हजारो लोकांनी याच माळावर तळ ठोकला होता. बंड मोडले, केटला नॉर्विचच्या किल्ल्याच्या भिंतीवरून फाशी दिले. क्रोमच्या हयातीत कायद्याच्या आधाराने माळाचा बराच भाग पुन्हा कुंपणात गेला. चित्रात पाहावे तर कुंपणाचा पत्ता नाही. उघडा माळ, पुढे रानटी झाडोरा, वर अफाट आकाश. लहानपणी पाहिलेला माळ त्याने रंगविला, असे जाणकार म्हणतात. मला वाटते, नाहीसे झालेले ते सर्वांच्या मालकीचे होते, हे विणकराच्या पोराला सांगावे लागले नसेल.

क्रोम १८२१ मध्ये वारला. मंडळातला दुसरा मोठा चित्रकार जॉन सेल कॉटमन. त्याच्या 'ग्रीटा ब्रिज' या जलरंगचित्रातले सपाट, स्वच्छ रंगपट्टे आजही नवे वाटतात. हयातीत त्यालाही शिकवण्याच कराव्या लागल्या. १८३३ नंतर प्रदर्शने थांबली.

या मंडळींची चित्रे पुढे कोलमन या मोहरी-कारखानदार घराण्याने जमविली. ती आता नॉर्विचच्या किल्ल्यातील संग्रहालयात आहेत. त्याच किल्ल्याच्या भिंतीवर १९४९ साली नागरिकांनी केटच्या स्मरणार्थ शिला बसविली.