एक कार, दोन दुचाकी आणि दहा बाय अठराचं गॅरेज : गाड्या बसवायच्या कशा?

सकाळी साडेसातला रो-हाउसच्या कॉलनीत एक कवायत ठरलेली असते. मुलाची बाइक आत अडकलेली, तिच्यापुढे आईची अ‍ॅक्टिव्हा आणि दारातच कार. एक गाडी काढायला तिन्ही हलवाव्या लागतात आणि घाईत कारच्या दारावर हँडलचा ओरखडा उमटतो. गॅरेज लहान असतं हे खरंच. पण बऱ्याच घरांत खरा घोळ गाड्या लावण्याच्या क्रमाचा असतो.

कागदावर बसतं, मग प्रत्यक्षात का नाही?

दहा बाय अठरा फूट म्हणजे सुमारे १६.७ चौरस मीटर. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत कारसाठी २.५ बाय ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ बाय २ मीटर जागा धरली आहे. एक कार, दोन दुचाकी मिळून १६.५. हिशोब जुळला! पण कार आणि दुचाकी शेजारी ठेवायची तर साडेतीन मीटर रुंदी हवी. गॅरेज आहे जेमतेम तीन मीटर. म्हणून नियमातले चौकोन विसरून गाड्यांची खरी मापं घ्यावी लागतात.

वॅगन-आर साधारण १२ फूट लांब आणि ५ फूट ४ इंच रुंद. (या रुंदीत आरसे धरलेले नसतात, नवी गाडी घेताना नेमकं हेच विसरतं.) अ‍ॅक्टिव्हा ६ फूट लांब, स्प्लेंडर साडेसहा, दोन्हींची रुंदी सव्वादोन फुटांच्या आसपास.

कोणती गाडी कुठे?

कार रिव्हर्समध्ये आत घ्यायची आणि तिची डावी बाजू भिंतीला लावायची. मधे अर्धा फूट, आरसा मिटलेला. बाकीचे बाहेरच उतरतील; चालक उजवीकडून उतरतो, त्यामुळे मोकळी जागा त्याच बाजूला हवी. तिथे चार फुटांहून थोडी जास्त पट्टी उरते.

या पट्टीत दुचाकी एकामागे एक. दोन्ही मागे ढकलत आत न्यायच्या, तोंड फाटकाकडे. असं केलं की दुचाकीची उजवी बाजू भिंतीला लागते आणि डावी, म्हणजे स्टँडची आणि बसण्याची बाजू मोकळी राहते. रविवारीच निघणारी बाइक आतल्या कोपऱ्यात, रोजची स्कूटर फाटकाजवळ. साइड स्टँडवर गाडी कलते आणि जागा खाते, त्यामुळे मेन स्टँड बरा. स्कूटर आणि कारमध्ये पावणेदोन फूट उरतात. चालकाला अंग चोरून उतरावं लागेल, पण उतरता येतं. कार आधी निघणार असेल, तर फक्त स्कूटर बाहेर काढायची. बाइकला हात लावायला नको.

कारमागे सहा फुटांच्या आत जागा राहते. तिथे सायकली भिंतीवर हुकाला टांगाव्यात. डिकी उघडेल का, हे मात्र आधी पाहावं. फरशीवर खडूने रेघा मारून दोन दिवस चालवून बघितलं, की चूक लगेच कळते.

दाटीत धोका कसला?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. म्हणून इन्व्हर्टर, स्विचबोर्ड आणि गळकी जुनी बाइक एका कोपऱ्यात नकोत. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट घ्यावा. गाड्यांखालून ओढलेली एक्स्टेन्शनची वायर चाकाखाली सोलली जाते. पावसाळ्यात शटर ओढून आत इंजिन गरम करत ठेवण्याची सवय तर जिवावरची आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जिना किंवा घरात जाणारं दार गॅरेजमधूनच असेल, तर रात्री शेवटची गाडी लागल्यावर दिवा बंद करून तिथपर्यंत चालून पाहावं. वाटेत हँडल पोटाला लागत असेल, तर एक दुचाकी बाहेर अंगणात कव्हर टाकून उभी करावी.