बाळाला हगवण लागली, तरी दूध तोडू नका



रोप पिवळं पडलं, वाढ खुंटली, की आपण ते उपटून आधी मुळं पाहतो. मुळं कुजली असतील तर वरून कितीही खत घाला, रोपाला लागत नाही. तान्ह्या बाळाचं आतडं म्हणजे त्याची मुळंच समजा. वरचेवर हगवण लागली की खाल्लेलं अंगी लागत नाही, बाळसं उतरतं. आणि अशक्त बाळाला हगवण पुन्हा लवकर धरते. हे चक्र आपल्याला घरात तोडता येतं.

घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, "पोट बिघडलंय, दूध बंद करा." हेतू चांगला, पण यातच बाळाचं वजन जातं. हगवणीत अंगावरचं दूध तोडू नका, उलट जास्त वेळा पाजा. वरचं अन्न खाणाऱ्या बाळाला मऊ वरण-भात थोडा थोडा भरवत राहा.

जुलाबात खरा धोका अंगातलं पाणी आणि क्षार जाण्याचा. त्यासाठी ओआरएसचं पाकीट आणा. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ते सबंध एकदम विरघळवा. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश सुरू करा. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्यावर असंख्य जीव वाचवले. सोबत झिंकच्या गोळ्या नर्सबाई सांगतील तशा १४ दिवस द्या. जुलाब थांबले तरी मधेच सोडू नका.

हगवण येऊच नये म्हणून काय कराल?

१) पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी, मध, घुटी काही नको.
२) दुधाची बाटली नको, वाटी-चमचा वापरा.
३) शी धुतल्यावर, शेणामातीचं काम झाल्यावर आणि बाळाला भरवण्याआधी हात साबणाने धुवा.
४) दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचा रोटाव्हायरसचा डोस चुकवू नका.

बाळ बरं झालं म्हणजे काम संपलं असं नाही. पुढे निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या, तान्हं असेल तर दूध जास्त वेळा पाजा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट वजन व्हावं. वजन वाढेना झालं तर "दात येतायत" म्हणून थांबू नका, दवाखाना गाठा.

डोळे खोल गेले, बाळ सुस्त पडलं, पिईना झालं, शीतून रक्त पडलं, किंवा पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लवकर बसेना, तर त्याच घटकेला दवाखान्यात न्या, वाटेतही ओआरएस पाजत राहा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर या खुणांची वाटच पाहू नका.

पिकाचं पाणी आपण वेळेवर देतो. बाळाचंही वेळेवर द्या.