खो देण्याचे बळ : हौशी सांघिक खेळ, मार्गदर्शक आणि खेळाडूचे मन

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या गावांत कबड्डी आणि खो-खो हे खेळ आजही मुख्यतः शाळांच्या आणि गावोगावच्या मंडळांच्या जिवावर उभे आहेत. खेळणाऱ्याला त्यातून पगार मिळत नाही, शिकवणाऱ्याला मानधन मिळाले तर ते पेट्रोलपुरते असते, आणि तरीही याच मैदानांतून राज्याच्या आणि देशाच्या संघांत जाणारे खेळाडू घडत आले आहेत. वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके हा चढाईपटू २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये देशभर पाहिला गेला, तो याच मातीतून. अशा खेळाडूंच्या चपळाईबद्दल आणि ताकदीबद्दल भरपूर लिहिले-बोलले जाते, मात्र त्यांची मनोवृत्ती कशी घडते, ती कोण घडवतो आणि त्यात नेमके काय राहून जाते, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही.

नाटककार वसंत कानेटकरांचे जन्मगाव म्हणून मराठी वाचकाला ठाऊक असलेले रहिमतपूर हे कोरेगाव तालुक्यातील, कमंडलू नदीच्या काठचे, नगरपालिका असलेले आणि पुणे–मिरज लोहमार्गावर स्थानक असलेले गाव. म्हणजे धड खेडे नाही आणि धड शहरही नाही. आजूबाजूला ऊस आणि आले ही नगदी पिके आहेत. अशा गावात सरावाचे वेळापत्रक मार्गदर्शकाच्या वहीत ठरत नाही, ते शेत, शाळा आणि एसटी यांच्या सोयीने ठरते : सकाळच्या धारा आटोपून येणारी मुले वेगळी, शाळा सुटल्यावर दप्तर खांबाशी टाकून मैदानात उतरणारी वेगळी, आणि आल्याच्या लागणीच्या किंवा ऊस कारखान्याला जाण्याच्या दिवसांत मधूनच गैरहजर राहणारी वेगळी. संघातील बाराही जण सलग आठवडाभर एकत्र आले, तर मार्गदर्शकाला तेवढ्यानेच बरे वाटते. हौशी सांघिक खेळातील मनाचा पहिला प्रश्न जिंकण्या-हरण्याचा नसून हजेरीचा आहे, कारण जो रोज येतो त्याचा, जो अधूनमधून येतो पण अधिक चांगला खेळतो त्याच्यावरचा राग हळूहळू साचत जातो, आणि सामन्याच्या दिवशी कोणाला उतरवायचे हा निर्णय घेताना मार्गदर्शक नेमका या रागाच्या मधोमध उभा असतो.

खो-खोचे नियम लिखित स्वरूपात आणण्याचे काम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने हाती घेतले, आणि पुढे बडोद्याने व अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत भर घातली, हा इतिहास अनेकदा सांगितला गेला आहे. त्या नियमांनी खेळाडूच्या मनाकडून काय मागितले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. मैदानाच्या मधल्या पट्टीवर आठ खेळाडू आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो; पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत पोहोचल्याखेरीज त्याला उलटे फिरता येत नाही आणि मधली पट्टीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्या संरक्षकाला मात्र ही दोन्ही बंधने नाहीत. तो बसलेल्यांच्या मधून हवा तेव्हा पलीकडे निघून जातो. म्हणजे नियमानेच पाठलाग करणारा एकटा अपुरा ठरवला आहे. त्याच्यापुढे उपाय एकच उरतो : बसलेल्या सहकाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने ‘खो’ म्हणायचे, पाठलाग त्याच्या हवाली करायचा आणि स्वतः त्याच्या जागी बसायचे.

गावातल्या मैदानावर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे शिकवणे किती अवघड असते, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. संरक्षक हातभर अंतरावर असतो, बाहेर उभे असलेले मित्र त्या मुलाच्या नावाने ओरडत असतात, आणि गडी बाद केल्याचा गुण ज्याचा हात लागेल त्याच्या नावावर लिहिला जाणार असतो. अशा क्षणी आणखी चार पावले धावण्याचा मोह होतो, आणि त्या चार पावलांत संरक्षक पलीकडे निसटून पाळीतली मोलाची सेकंदे निघून जातात. चांगला मार्गदर्शक या मोहावर भाषण देत नाही. तो सरावात पाठलाग तीन-चार पावलांपुरताच ठेवतो, त्यानंतर खो न दिल्यास तो डाव तिथेच थांबवतो, आणि कोणी गडी बाद केला की आधी त्याचे कौतुक न करता त्याच्या आधीचा खो कोणी दिला, हे सगळ्यांसमोर विचारतो. काही आठवड्यांत मुलांच्या बोलण्यातही फरक पडतो. ‘त्याने मारला’ यासोबत ‘खो वेळेवर मिळाला’ हे वाक्य ऐकू येऊ लागते. संघभावना नावाची जी गोष्ट सत्काराच्या भाषणांत ऐकू येते, ती प्रत्यक्षात अशा कंटाळवाण्या पुनरावृत्तीतून तयार होते.

बसलेल्या आठ जणांचे मन हा याहूनही दुर्लक्षित विषय आहे. वरिष्ठ गटातील ९ मिनिटांच्या पाळीत एखादा खेळाडू बराच वेळ नुसता बसून राहू शकतो, पण ज्या क्षणी पाठीवर हात पडतो त्या क्षणी त्याला पूर्ण वेगाने उठावे लागते; त्याचे लक्ष गर्दीकडे किंवा मागच्या चुकीकडे असले, तर उठण्यात होणारा क्षणाचा उशीर संघाला महागात पडतो. म्हणूनच अनुभवी मार्गदर्शक बसलेल्यांना संरक्षकाच्या पायांकडे पाहायला आणि तो कोणत्या बाजूने वळेल याचा मनाशी अंदाज बांधत राहायला शिकवतात. क्रीडामानसशास्त्रात, म्हणजे खेळाडूच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, याला लक्षाचे नियंत्रण म्हणतात. मैदानावर त्याचे नाव ‘जागा राहा’ एवढेच आहे, आणि मुलांना ते पुरते.

कबड्डीत मनाची कसोटी वेगळ्या जागी लागते. चढाई करणारा सात जणांच्या अंगणात एकटा शिरतो, त्याच्याजवळ ३० सेकंद असतात, आणि आजच्या नियमांनुसार सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणणे किंवा बाद होणे, एवढे दोनच पर्याय उरतात. बचावातील अडचण नेमकी उलटी असते. तेथे एकटेपणाचा नव्हे, सोबत्यांच्या संख्येचा त्रास होतो. फ्रान्समधील शेतकी अभियंता मॅक्स रिंगेलमान याने दोर ओढण्याच्या प्रयोगांत, ज्यांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले, असे दाखवले की दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढत जाते तसतसा प्रत्येकाचा वाटा घटत जातो. त्याचे एक कारण प्रयत्नांचा मेळ न बसणे हे आहे, आणि दुसरे, पुढच्या संशोधकांनी अधिक स्पष्ट केलेले, कारण म्हणजे दुसरा कोणीतरी ओढतोच आहे ही भावना. चढाईपटू परतायला लागलेला असताना सात जण एकमेकांकडे पाहत राहतात, हे दृश्य कबड्डी पाहिलेल्या कोणालाही नवीन नाही. त्यावरचा उपाय जुन्या प्रशिक्षकांना प्रयोगाविनाही ठाऊक होता : घोटा कोणी धरायचा, त्याच्या पाठोपाठ कोणी झेपावायचे, साखळीतला दुसरा हात कधी सोडायचा, हे नावानिशी ठरवून देणे. जबाबदारीला नाव लागले की टाळाटाळ कमी होते. सामन्यात एखाद्या बचावपटूने घाईने झेप घेऊन गुण घालवला, तर त्याच्यावर ओरडण्यापेक्षा ‘तुझं काम दुसरं होतं’ एवढे सांगणे अधिक उपयोगी पडते, कारण त्यात माणूस चुकीचा ठरत नाही, कृती चुकीची ठरते.

जत्रेतील आणि गणेशोत्सवातील स्पर्धांत याच मुलांना दिव्यांच्या झोतात, ध्वनिक्षेपकावरील समालोचनात आणि गावकऱ्यांच्या आरोळ्यांत खेळावे लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक याने १९६५ मध्ये मांडलेला विचार येथे फार कामाचा आहे : प्रेक्षकांच्या उपस्थितीत अंगवळणी पडलेली कृती अधिक चांगली होते, आणि अर्धवट शिकलेली कृती आणखी बिघडते. खांबावरचा सूर, म्हणजे खांबाला हात घालून संरक्षकाकडे झेपावणे, ज्याच्या अंगवळणी पडला आहे तो गर्दीत अधिक जोमाने झेपावेल. जो परवाच शिकला तो फाऊल करील किंवा तोंडावर आपटेल. सामन्याच्या आदल्या आठवड्यात नवी युक्ती शिकवण्याची हौस अनेक मार्गदर्शकांना आवरत नाही, आणि तिचे खापर मात्र मुलाच्या ‘दडपणा’वर फोडले जाते.

हौशी खेळ किती गांभीर्याने खेळता येतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. तेथे १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावातील एका हॉटेलात गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. वक्र टोकाच्या लाकडी काठीने आणि लहान चेंडूने खेळला जाणारा हर्लिंग आणि हात-पाय दोन्ही वापरून खेळला जाणारा गेलिक फुटबॉल हे तिचे प्रमुख खेळ, प्रत्येक बाजूला १५ खेळाडू, आणि संघ ठरतो तो बहुतांशी गावाच्या धर्मपरगण्यावरून व जिल्ह्यावरून. अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८० हजारांहून अधिक लोक जमतात, तरी खेळाडूंना पगार नाही. त्यांतील अनेक जण शाळेत शिकवतात, शेती करतात किंवा कचेरीत जातात. मार्गदर्शकांचीही तीच कथा. किलकेनीच्या हर्लिंग संघाला १९९९ ते २०२२ या काळात ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारा ब्रायन कोडी व्यवसायाने शिक्षक होता, आणि १९७३ नंतर थेट २०१८ मध्ये लिमरिकला विजेतेपद मिळवून देणारा जॉन कायली हा शाळेचा मुख्याध्यापक. कोडीच्या संघात कोणाचीही जागा कायमची नव्हती. नामांकित खेळाडूलाही सरावातील कामगिरीवर जागा टिकवावी लागे. कायलीने मात्र संघासोबत कॅरोलाइन करिड या क्रीडामानसशास्त्राच्या तज्ज्ञ महिलेला घेतले. दोघांच्या पद्धतींत महदंतर आहे, आणि दोन्ही यशस्वी झाल्या, हे कोणत्याही एकाच सूत्रावर भाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आयर्लंडचे उदाहरण जसेच्या तसे कोरेगाव तालुक्यात आणण्यात एक मोठी अडचण आहे, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. तेथील हौशी खेळाडू नोकरी असताना खेळतो. येथील हौशी खेळाडू नोकरी मिळावी म्हणून खेळतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, आणि रेल्वे, पोलीस, बँका यांचे संघ ही आजवर कबड्डी व खो-खो खेळाडूंची प्रमुख आशा राहिली आहे. शेतकरी किंवा मजूर कुटुंबातून आलेल्या मुलासाठी राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र ही घराची गरज असते, आणि जिल्हा संघाच्या निवड चाचणीत बारा जणांत नाव न येणे म्हणजे त्याच्या दृष्टीने केवळ एक स्पर्धा हुकणे नसते. अशा मुलाला ‘खेळाचा आनंद घे, निकालाचा विचार करू नको’ हा पुस्तकी सल्ला देणे म्हणजे त्याची परिस्थिती न समजणे होय. गावाचा पैसा आणि गावाची अपेक्षा यांचे ओझे या भागाला नवे नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकवर्गणीवर आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या रकमेवर. पदक मिळाल्यामुळे ती गोष्ट गौरवाने सांगितली जाते. पदक न मिळालेल्यांनी असेच ओझे कसे पेलले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

मुलींच्या बाबतीत हा ताण दुहेरी होतो, कारण दहावीनंतर सराव चालू ठेवायचा की नाही हा निर्णय घरात होतो आणि मार्गदर्शकाला आधी पालकांचे मन वळवावे लागते. धाराशिवची खो-खोपटू सारिका काळे हिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालील भारतीय महिलांनी नेपाळला ७८–४० असे हरवले. अशा बातम्यांमुळे घरातली ही बोलणी थोडी सोपी झाली असावीत.

मार्गदर्शकाच्या स्वतःच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न शेवटी उरतो. गावातील ‘सर’ बहुधा शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असतात किंवा माजी खेळाडू. त्यांतील थोडे जण पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पदविका किंवा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करून येतात. बाकीचे आपल्या सरांनी शिकवले तसे शिकवतात, आणि त्यात तालमीतल्या वस्तादाचा धाकही आपोआप येतो. हा धाक सर्वस्वी टाकाऊ आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण त्यामागे पहाटे मुलांच्या आधी मैदानावर हजर राहण्याची निष्ठा असते आणि मुले ती ओळखतात. मात्र सामना हरल्यावर सर्वांदेखत केलेला पाणउतारा मुलाला कणखर करतो, ही समजूत सोडून देण्याची वेळ कधीच येऊन गेली आहे. चूक होईल या भीतीने खेळणारा मुलगा खो उशिरा देतो आणि पकडीला पुढे होत नाही, हे कोणत्याही मार्गदर्शकाने आपल्याच संघाच्या गुणपत्रिका चाळून पाहावे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कबड्डी व खो-खो संघटना दरवर्षी पंचांसाठी आणि मार्गदर्शकांसाठी जी शिबिरे घेतात, त्यांत खेळाडूच्या मनाविषयीचे एक सत्र मराठीतून ठेवावे, आणि निवड चाचणी संपल्यावर बारा नावे वाचून दाखवून मोकळे होण्याऐवजी वगळलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला कोठे कमी पडले व पुढच्या वर्षी काय करायचे हे निवड समितीने समक्ष सांगावे. यासाठी निधी लागत नाही, त्या दिवशी मैदानावर तासभर अधिक थांबावे लागते.