चालणं चांगलंच, पण वजनही उचला
मैत्रिणींनो, रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं झपाट्याने विरळ होतात. नुसतं चालणं तिथे कमी पडतं. स्नायूंनी हाड जोरात ओढलं, त्यावर भार आला, की शरीर ते भक्कम करायला लागतं. ऑस्ट्रेलियातल्या ‘लिफ्टमोर’ अभ्यासात हाडांची घनता कमी असलेल्या, ५८ च्या पुढच्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट असे जड व्यायाम केले. ८ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता वाढली! मला हे फार मोलाचं वाटतं. दंड पुरुषी होतील ही भीती सोडा. तेवढं टेस्टोस्टेरॉन आपल्यात नसतंच. घरी सुरुवात करायची तर हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठा-बसा, टाचा जमिनीवर घट्ट. सहज जमलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.