बंदी डाळीवर, दोष मजुरीचा

आकडी येणे, हात कापणे आणि पाय लुळे पडणे या तीन व्याधींकडे आपला समाज अद्यापही पुष्कळदा दैवाच्या नजरेने पाहतो. कोणी भूतबाधा म्हणतो, कोणी पूर्वसंचित. वैद्यकशास्त्राने मात्र या लक्षणांची स्थाने मज्जासंस्थेत दाखवून दिली आहेत. मेंदूच्या पृष्ठभागावरील पेशींत विद्युत्संदेशांचा अकस्मात लोंढा उसळला की आकडी येते. हालचालींना लगाम घालणारी मेंदूतील खोल केंद्रे बिघडली की हात कापू लागतात. मेंदूचा हुकूम कण्यातून खाली नेणारे तंतू निकामी झाले की पाय ऐकेनासे होतात. परंतु व्याधीचे स्थान सापडले म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. विष्ठेने दूषित झालेल्या अन्नपाण्यातून पट्टकृमीची अंडी पोटात जातात, त्यांच्या अळ्या मेंदूत ठाण मांडतात आणि धडधाकट माणसाला आकडी येऊ लागते. मँगॅनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेणाऱ्या कामगाराला कंप जडू शकतो. आणि एका डाळीने तर गावेच्या गावे पंगू केली आहेत. कारणांचा माग घेत निघावे तर वाट रुग्णालयाबाहेर पडते आणि शौचकूप, खाण व मजुराचे ताट यांपाशी येऊन थांबते.

ही डाळ म्हणजे लाख किंवा लाखोळी; हिंदी प्रदेशातील खेसारी अथवा तिवडा. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात ती परिचयाची आहे. धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत बी फेकून दिले की काम झाले. नांगरट नको, खत नको. पाऊस ओसरला तरी ती तग धरते, पाणी साचले तरी टिकते. इतर पिके माना टाकतात तेव्हा हीच उभी असते. तिचे वरदान हेच आणि शापही हाच. या दाण्यात एक विषारी अमिनो आम्ल असते. १९६४ साली भारतीय संशोधकांनी ते वेगळे करून दाखविले. अधूनमधून, इतर अन्नासोबत खाल्लेली लाखोळी सहसा अपाय करीत नाही. परंतु दोन-तीन महिने तीच आहाराचा मोठा भाग होऊन बसली, तर हे द्रव्य चालनेच्या मज्जापेशींना प्रमाणाबाहेर उद्दीपित करून त्यांचा नाश करू शकते. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय थरथरतात, ताठरतात, चालताना एकमेकांत अडकतात. पुढे एक काठी, मग दोन काठ्या आणि अखेर सरपटणे. बुद्धी शाबूत राहते, स्पर्श कळतो, हात चालतात. गेलेले पाय मात्र परत येत नाहीत. त्यावर खात्रीचे औषध आजही नाही.

हे अरिष्ट नवे नाही. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सागर भागाची हकीकत नोंदविली आहे. १८२९ ते १८३१ या काळात गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू बुडाला. आपोआप वाढणारी तिवडा तेवढी तरारून आली. लोकांनी ती खाऊन दिवस काढले आणि १८३३ पासून तरुण माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, व्हापनियार्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना हाच दाणा खाऊ घातला गेला आणि शेकडो कैदी अपंग झाले. तेथील डॉ. आर्थर केसलर या कैदी डॉक्टरांनी रोगाचे कारण ओळखले. देश वेगळे, काळ वेगळा, साम्य एकच. ज्यांना ताटात काय यावे हे ठरविण्याची सत्ता नव्हती, त्यांचेच पाय गेले.

मध्य प्रदेशातील रीवा भागात हीच गोष्ट मजुरीच्या रूपाने घडत आली. तेथे शेतमजुराला, पुष्कळदा वेठबिगाराला, रोजगार म्हणून पैशाऐवजी खेसारी मापून दिली जाई. मालकाच्या दृष्टीने ते सर्वांत स्वस्त धान्य होते. मजुराच्या दृष्टीने ते धान्य नव्हे, तर उपासमारीला असलेला एकमेव पर्याय होता. १९६१ साली केंद्राने या डाळीच्या विक्रीस मनाई करणारा नियम केला. सर्व राज्यांनी तो सारखाच अमलात आणला नाही, आणि जेथे आणला तेथेही शेतातील पीक व खळ्यावरील मजुरी यांना त्याचा फारसा उपसर्ग पोहोचला नाही. वेठबिगारी कायद्याने रद्द व्हावयास १९७६ साल उजाडले. म्हणजे दाणा प्रथम गुन्हेगार ठरला. तो खावयास लावणारी व्यवस्था पंधरा वर्षांनी.

महाराष्ट्राने २००८ साली ही बंदी उठविली. त्यावरील वाद अद्याप शमलेला नाही. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खाल्ली जाते, बंदीने केवळ शेतकऱ्याचा भाव पाडला आणि बेसनात चोरून मिसळ करणाऱ्यांचे फावले, असे एक बाजू म्हणते. विष ते विषच, असे दुसरी बजावते. पहिल्या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु तो ज्यांच्या पानात भात, भाजी आणि दुसरी डाळही असते त्यांच्यापुरता. अवर्षणात पिकाला पाण्याचा ताण बसतो तेव्हा दाण्यातील विष वाढते, आणि नेमके तेव्हाच गरिबाच्या ताटातील इतर पदार्थ नाहीसे होतात. म्हणून प्रश्न बंदी असावी की नसावी एवढाच नाही. ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखी अल्पविषारी वाणे बांधीपर्यंत पोहोचली पाहिजेत. बाजारात येणारा माल तपासला गेला पाहिजे. डाळ भिजवून उकळावी व ते पाणी फेकून द्यावे, त्याने विषाचा बराच भाग निघून जातो, हे घरोघर ठाऊक झाले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मजुरी रोख व पुरेशी हवी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याची हमी दिली. डाळीची दिली नाही. ती उणीव भरून निघाल्याखेरीज दुष्काळी वर्षात गरिबाला निवड उरणार नाही.

पायांतील प्रत्येक अशक्तपणा लाखोळीचा नसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मणक्याचा क्षय किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही पाय दुर्बल होतात आणि त्यांवर वेळीच उपचार झाल्यास माणूस पुन्हा उभा राहू शकतो. म्हणूनच अंगारा-धुपाऱ्यात दिवस दवडणे घातक. परंतु रोग्याची नाडी पाहणाऱ्या डॉक्टराने एक प्रश्न जरूर विचारावा: गेले तीन महिने काय खाल्ले? आणि उत्तर ऐकल्यावर पुढचा प्रश्न समाजाने स्वतःला विचारावा: तेच का खावे लागले?